वारा, वल्हें आणि धर्मदाय

ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत होड्यांचा आणि समुद्रवाऱ्याचा इतिहास कशाला, असें कित्येक वाचक विचारतील, आणि त्यांचें विचारणें रास्त आहे. शिरड शहापूर समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून अधिक आंत. आमच्याकडे काळी जमीन, हळद आणि कापूस. गांवांत मल्लिनाथाचें जैन मंदिर, तालुक्याच्या ठिकाणीं औंढ्यास नागनाथ, आणि पूर्णेवर सिद्धेश्वराचें धरण. खारें पाणी म्हणाल तर एखाद्या विहिरीचें तेवढेंच. आमच्यांतील बहुतेकांनीं समुद्र पहिल्यानें पाहिला तो सप्टेंबरांत वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेस जाऊन, टेकडीच्या पायऱ्यांवरून, आणि तोहि पावसाच्या झडींतून.

तरी कारण घडलें तें असें. ज्युबिलीचा निधि कसा जमवावा ह्याचा विचार चालूं असतां आमच्या तरुण मंडळींनीं सूचना आणिली कीं, सिद्धेश्वर जलाशयांत काठाकाठानें होड्या वल्हविण्याची शर्यत ठेवावी, प्रत्येक वल्हेकऱ्याच्या नांवानें दात्यांनीं कांहीं रक्कम बोलावी, आणि जमेल तें गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणास द्यावें. वडील मंडळींपैकीं कांहींस हें रुचलें नाहीं. एक म्हणाले, दान हें दान आहे, त्याचा तमाशा करूं नये. दुसरे म्हणाले, उन्हाळ्यांत दुपारीं जलाशयावर वारा सुटतो तेव्हां भोईसुद्धां आपला तराफा काठीं ओढितात. तेथें तुमचीं मुलें काय करणार? दोन्ही आक्षेपांचें वजन सर्वांस जाणवलें. निर्णय देणें आमचें काम नव्हे. परंतु असल्या गोष्टी पूर्वीं कोठें, कोणीं व कशा केल्या, आणि त्यांचें पुढें काय झालें, हें पाहून लिहावें, असें आम्हांकडे सोंपविण्यांत आलें. तें आम्ही येथें करितों.

प्रथम वाऱ्याविषयीं, कारण सारें त्यावर आहे. मार्काच्या शुभवर्तमानांत शिष्य रात्रभर वल्हीं मारून थकले आहेत आणि वारा तोंडावर आहे, असा प्रसंग आपण दरवर्षीं ऐकतों. त्या शिष्यांतील चौघे तरी जन्माचे कोळी होते. गालीलच्या सरोवरावर त्यांचें आयुष्य गेलें होतें. तें सरोवर म्हणजे गोड्या पाण्याचा जलाशयच, लांबीनें वीसएक किलोमीटर. समुद्र नव्हे म्हणून निर्धास्त असावें, असें समजणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानांत धरावी.

कोंकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने नैर्ऋत्येचा वारा असतो, आणि त्या दिवसांत लहान होडी दर्यांत घालण्याचा विचार कोणी शहाणा करीत नाहीं. पावसाळा सरला कीं दर्या निवतो. मग रात्रीं व पहांटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा, आणि दिवस तापला कीं समुद्राकडून जमिनीकडे येणारा खारा वारा, असा रोजचा फेरा सुरू होतो. जमीन लौकर तापते व लौकर निवते, पाणी सावकाश. एवढेंच त्याचें कारण. यंत्रांच्या होड्या येण्यापूर्वीं आमचे किनाऱ्यावरचे कोळी बांधव पहांटेच्या मतलईवर शीड सोडून बाहेर पडत आणि दुपारच्या वाऱ्यावर घर गांठीत. शिडाच्या होडीस असा हा वारा चाकर. वल्ह्याच्या होडीस मात्र तो धनी. वारा बाजूनें आला कीं हलक्या होडीचें तोंड त्याच्याकडे वळूं लागतें, आणि वल्हेकऱ्याची अर्धी शक्ति पुढें जाण्यांत नव्हे तर दिशा सांभाळण्यांत खर्च होते. मागून आला तर होडी लाटेवर धांवते खरी, पण लाट पुढें निघून जातांना ती आडवी पडण्याचा संभव असतो. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला, आणि मोकळ्या पाण्याचें अंतर किती. जलाशयांत हें अंतर थोडें म्हणून लाट उंच नसते. पण ती आंखूड आणि एकीवर एक अशी येते, आणि लहान होडींत पाणी भरण्यास तेवढें पुरें होतें.

किनाऱ्यावरच्या आपल्या धर्मबांधवांचा आणि समुद्राचा संबंध जुना आहे. वसई, उत्तन, मनोरी, गोराई ह्या गांवांतील होड्यांवर क्रूस दिसतो. मोत माउलीच्या मूर्तीविषयींची परंपरा तर सर्वांस ठाऊक आहे: सन १७०० च्या सुमारास अरबी लुटारूंनीं मंदिर लुटलें, आणि पुढें एका कोळ्यास स्वप्नांत दृष्टांत होऊन समुद्रांत मूर्ति सांपडली, असें सांगतात. परंतु ज्या एका प्रसंगावरून वल्हें आणि दया यांचें नातें आम्हांस नीट उमगलें तो प्रसंग इतका जुना नाहीं, आणि त्यांतील वल्हेकरी कोणत्या देवळाचे होते हें विचारण्याचें कारणहि नाहीं.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्यास महिनाहि उरला नव्हता. आषाढी अमावास्येचे दिवस. सकाळीं आठाच्या सुमारास ‘रामदास’ नांवाची आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. मुंबईंत पोट भरणारे अलिबाग-पेणकडचे चाकरमाने सणास घरीं निघाले होते. बोट भरगच्च होती. काशाचा खडक नांवाच्या ठिकाणाजवळ वादळी वाऱ्यांत एका मोठ्या लाटेनें बोट एका अंगास कलली. घाबरलेले उतारू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस धांवले, आणि थोड्याच वेळांत ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेश पाठविण्याचें यंत्र नव्हतें. मुंबई बंदर डोळ्यांपुढें, आणि मुंबईस पत्ता नाहीं! पोहत निघालेला एक लहान मुलगा संध्याकाळीं गेटवेपाशीं पोंचला तेव्हां शहरास पहिली बातमी मिळाली, असें सांगतात.

पण त्याच्या कितीतरी आधीं रेवसच्या कोळ्यांस ती कळली होती, कारण ते तेथेंच होते. मासळी घेऊन मुंबईच्या बाजारास निघालेल्या त्यांच्या होड्या त्या पाण्यांत होत्या. त्यांनीं होड्या वळविल्या आणि बुडत्यांस ओढून घेतलें. जे वांचले त्यांतले कित्येक ह्या होड्यांमुळें वांचले. मासळी हा एका दिवसाचा नाशवंत माल. तिचा बाजार चुकला कीं घरांत त्या दिवसाचें उत्पन्न नाहीं. आणि भरल्या होडींत माणसें घेणें म्हणजे आपलीच होडी बुडविण्याचा धोका पत्करणें. त्या पाण्यांत त्या दिवशीं वाऱ्याच्या तोंडावर वल्हें मारणारा मनुष्य कोणत्याहि शर्यतींत नव्हता; त्याच्या नांवानें कोणी रक्कम बोललें नव्हतें. दान म्हणजे काय ह्याची व्याख्या आम्हांस कोणी विचारली तर आम्ही रेवसकडे बोट दाखवूं.

येथें पहिल्या आक्षेपाकडे येऊं. दान गुप्त असावें, उजव्या हाताचें डाव्यास कळूं नये, ही प्रभूची आज्ञा. मग शर्यती, पताका आणि वाद्यें लावून पैसे मागणें हें कोठून आलें? त्याचा उगम शोधूं गेल्यास तोहि एका वादळांतच सांपडतो, हें पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें.

इंग्लंडांत समुद्रावर संकटांत सांपडलेल्यांस सोडविण्यासाठीं सन १८२४ मध्यें एक संस्था निघाली. तिच्या जीवरक्षक होड्या वल्ह्यांच्या असत, आणि त्या वल्हविणारे बहुतेक त्या त्या गांवचे कोळीच. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्रीं लँकेशायरच्या किनाऱ्यासमोर ‘मेक्सिको’ नांवाचें जर्मन जहाज तुफानांत वाळूच्या दांड्यावर रुतलें. साउथपोर्ट, सेंट ॲन्स आणि लिदम अशा तीन ठिकाणांहून तीन होड्या निघाल्या. लिदमची होडी पोंचली आणि तिनें जहाजावरचे बाराहि लोक सोडविले. दुसऱ्या दोन होड्या उलटल्या. सेंट ॲन्सच्या होडींतले तेराच्या तेरा आणि साउथपोर्टच्या सोळांपैकीं चौदा असे सत्तावीस वल्हेकरी एका रात्रींत गेले. मागें सोळा विधवा आणि पन्नास पोरकीं मुलें राहिलीं. बारांस वांचविण्यासाठीं सत्तावीस गेले. हा हिशेब मांडतां येत नाहीं, आणि त्या रात्रीं कोणीं तो मांडलाहि नाहीं.

त्या कुटुंबांसाठीं निधि उभा राहिला. तो उभारतांना असें ध्यानांत आलें कीं, ही संस्था मोजक्या श्रीमंतांच्या देणग्यांवर चालते. सामान्य माणसाकडे कोणी गेलेंच नाहीं. सेंट ॲन्सला राहणारे चार्ल्स मकारा नांवाचे एक कारखानदार होते. त्यांच्या पुढाकारानें ऑक्टोबर १८९१ मध्यें एका शनिवारीं मँचेस्टर शहरांत खऱ्या जीवरक्षक होड्या गाड्यांवर चढवून, खलाशी आंत बसवून, वाद्यांच्या गजरांत रस्त्यांतून फिरविण्यांत आल्या. माडीवरच्या खिडक्यांपर्यंत आणि ट्रामच्या वरच्या मजल्यापर्यंत हात पोंचावा म्हणून लांब काठ्यांस थैल्या बांधल्या होत्या. एका दिवसांत पांच हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. रस्त्यांतून लोकवर्गणी गोळा करण्याच्या पद्धतीचा हा आरंभ समजला जातो. मँचेस्टर हें समुद्रकांठचें शहर नव्हे, हें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. ज्यांनीं पेनी दिली त्यांतल्या पुष्कळांनीं वल्हें हातांत धरलें नव्हतें.

तेव्हां तमाशा होता हें खरें. पण तो देणाराचा डौल मिरविण्यासाठीं नव्हता. ज्याच्यासाठीं मागावयाचें त्याचें काम लोकांच्या डोळ्यांपुढें आणावें, एवढाच त्याचा हेतु होता. ज्या शर्यतींत देणाराचें नांव मोठ्या अक्षरांत आणि घेणारा विद्यार्थी व्यासपीठावर उभा, ती शर्यत आम्हांसहि नको. थैली काठीस बांधलेली असावी. कोणीं किती टाकलें तें खालच्यास दिसूं नये.

नुसत्या शर्यतीचीं उदाहरणें पुष्कळ आहेत, त्यांचा पसारा मांडीत नाहीं. एकच सांगतों, कारण त्यांत आपल्या ओळखीचें एक बेट येतें. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांत मोलोकाई नांवाचें बेट आहे. तेथून ओआहू बेटापर्यंतची सामुद्रधुनी वाऱ्यासाठीं आणि लाटांसाठीं कुप्रसिद्ध. १ नोव्हेंबर १९५२ रोजीं, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, ती वल्ह्यांनीं ओलांडण्याची शर्यत पहिल्यानें झाली. कोआ लांकडाच्या तीनच होड्या होत्या, आणि मोलोकाईची होडी पहिली आली. ह्या होड्यांस एका बाजूस उलांडी असते, म्हणजे आडव्या दांड्यांनीं जोडलेलें तरंगतें लांकूड; आपल्या कोंकणांतील लहान होड्यांस असते तशीच. इतक्या दूरच्या दोन किनाऱ्यांस एकच युक्ति सुचावी किंवा एकाची दुसऱ्याकडे यावी, हा मोठा विषय आहे. त्यांत आज शिरत नाहीं. जातां जातां सांगण्यासारखें म्हणजे, त्याच १९५२ सालच्या डिसेंबरांत केरळांत अलेप्पीजवळ पंडित नेहरूंपुढें सर्पनौकांची शर्यत झाली आणि पंडितजी उत्साहानें विजयी नौकेंत चढले. तेथील प्रसिद्ध शर्यतीचा उगम तो.

मोलोकाई म्हटलें कीं आपणांस शर्यत आठवत नाहीं, संत डेमियन आठवतात. बेल्जममधील हे धर्मगुरु १८७३ च्या मे महिन्यांत त्या बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तींत गेले, आणि १५ एप्रिल १८८९ रोजीं त्याच रोगानें तेथेंच वारले. ११ ऑक्टोबर २००९ रोजीं त्यांस संतपद मिळालें. त्यांच्या चरित्रांत होडीचा एक प्रसंग आहे. त्यांचे वरिष्ठ धर्मगुरु आगबोटींतून आले. परंतु वस्तींतून आलेल्या माणसास बोटीवर चढूं देण्यास कप्तानानें नाकारलें. तेव्हां फादर डेमियन लहान होडींत उभे राहिले आणि तेथूनच, वरच्या सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत, फ्रेंच भाषेंत त्यांनीं आपलें पापनिवेदन केलें. चढूं न देणाऱ्या बोटीच्या कुशीशीं डोलणारी ती होडी आमच्या मनांतून जात नाहीं.

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील उदाहरण. सन २०१५ मध्यें कौस्तुभ खाडे नांवाच्या मुंबईच्या तरुणानें मुंबईपासून गोव्यापर्यंत सुमारें चारशे किलोमीटरांचा किनारा कयाकमधून एकट्यानें वल्हवीत सतरा दिवसांत पार केला. कयाक म्हणजे ध्रुवप्रदेशांतील लोकांनीं सीलच्या कातड्याची बनविलेली अरुंद, वरून झांकलेली होडी. हल्लीं ती कृत्रिम द्रव्यांची करितात. तिचें वल्हें दोहों टोंकांस पातें असलेलें असतें. खाडे हे दिल्लीच्या आय. आय. टी.त शिकलेले. त्या प्रवासाच्या निमित्तानें त्यांनीं गरीब मुलांच्या शिक्षणासाठीं झटणाऱ्या ‘मॅजिक बस’ ह्या संस्थेसाठीं पैसा उभा केला. पुढें २०१६ च्या अखेरीस द्वारकेहून निघून २०१७ च्या आरंभीं ते कन्याकुमारीस पोंचले; हा प्रवास तीन हजार किलोमीटरांचा, आणि किनाऱ्यावरून सायकलीनें त्यांच्या बरोबरीनें शांजली शाही चालल्या होत्या. आमच्या तरुणांची सूचना ह्या वृत्तावरूनच उगवली, हें त्यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें.

परंतु एक भेद त्यांनीं पाहावा. तो प्रवास शर्यत नव्हता. ज्यास दुसऱ्यापुढें जावयाचें नाहीं तो वारा चढला कीं किनाऱ्यास लागूं शकतो आणि दुसऱ्या दिवशीं निघतो. शर्यतींतला मनुष्य शेजारचा थांबत नाहीं म्हणून थांबत नाहीं.

आणखी एक उदाहरण नदीचें आहे, आणि तें आम्हांस सर्वांत जवळचें वाटतें. सांगलीस कृष्णेच्या पात्रांत होड्यांच्या शर्यती होतात. सांगलीवाडी, कवठेपिरान, समडोळी, डिग्रज अशा गांवांचे संघ त्यांत उतरतात आणि सारा गांव काठावर लोटतो. हा खेळ वरवर पाहतां गांवांच्या ईर्षेचा. पण २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेस महापूर आला तेव्हां पाण्यानें वेढलेल्यांस बाहेर काढण्यास ह्याच खेळांतल्या होड्या आणि हेच वल्हेकरी धांवले. पाण्याचा ओढ कोठें आहे, धार कशी कापावी, हें त्यांस ठाऊक होतें, कारण वर्षानुवर्षें ते तें खेळ म्हणून करीत आले होते. त्याच पुरांत ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें लोकांस बाहेर नेणारी एक होडी, गर्दीच्या भारानें, उलटली; बायकामुलें बुडालीं. ‘रामदास’ बोटीच्या गोष्टींत आणि ह्या गोष्टींत बहात्तर वर्षांचें अंतर आहे, आणि कारण बहुतांशीं तेंच.

हा मजकूर आम्हीं छापण्यापूर्वीं तरुणांपुढें आणि वडील मंडळींपुढें वाचला. चर्चा बरीच झाली. ती सारी येथें देत नाहीं. दान गुप्त असावें म्हणणारे काका मँचेस्टरच्या थैल्यांवर खुष झाले, पण पारितोषिकाचा चषक नको, ह्यावर अडून राहिले, आणि तें सर्वांस पटलें. जलाशयांत मासेमारी करणारे एक वृद्ध भोई त्या दिवशीं मुद्दाम बोलाविले होते. ते वाचन संपेपर्यंत कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “शर्यत किती वाजतां?”

मुलें म्हणालीं, “दहा वाजतां, मिस्सा आटोपल्यावर.”

“सहाला लावा,” ते म्हणाले, “आठाच्या आंत सगळे काठाला पाहिजेत. अन् जितकीं माणसें होडींत, त्याहून दोन जाकिटें जास्त आणा. ज्याला पोहतां येत नाहीं त्यानं काठावरून पैशे गोळा करावे.”

मिस्सा त्या दिवशीं शर्यतीनंतर करावी किंवा कसें, हें आतां फादरांकडे सोंपविलें आहे. तरंगत्या जाकिटांच्या किंमतीची चौकशी परभणीस व नांदेडास चालूं आहे, आणि भोई बाबांनीं आपले दोन तराफे त्या सकाळीं होड्यांच्या मागें ठेवण्याचें कबूल केलें आहे. मोबदला विचारला तेव्हां त्यांनीं हात हालवून नको म्हटलें.